काकांचा फोन आणि एकशेवीस सेकंद

मी चाकणला एका मशिनरी कंपनीत आयटीला आहे, अकरा वर्षं झाली. आमचे सर्व्हिस इंजिनियर साखर कारखान्यांच्या टर्बाइनची कामं करतात त्यामुळे दिवाळी झाली की मार्चपर्यंत ती माणसं घरी दिसतच नाहीत, आज कराड, उद्या सांगली, परवा पंढरपूर. त्यातले सगळ्यात सिनियर आहेत त्यांना अख्खी कंपनी काका म्हणते, मीपण काकाच म्हणतो. ही गोष्ट त्यांच्या फोनची आहे आणि गेल्या डिसेंबरमधली आहे.

झालं असं की कराडच्या बाजूच्या एका कारखान्यात टर्बाइनचा गव्हर्नर व्हॉल्व्ह, म्हणजे आत जाणारी वाफ कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, उघडून बघायचा होता. त्यासाठी गाळप थांबवावं लागतं आणि ऐन हंगामात मिल बंद ठेवणं म्हणजे काय ते त्या भागातल्या माणसालाच कळेल. संध्याकाळी चारची वेळ ठरली होती. सकाळी कारखान्याने ती दुपारी एकवर आणली, आमच्या प्लॅनिंगच्या ताईंनी लगेच कॅलेंडरमध्ये बदल केला, अपडेट पाठवलं, त्यांचं काम चोख झालं. काका त्या वेळी चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या कारखान्यात टर्बाइन हॉलमध्ये अलाइनमेंट करत होते, तिथल्या आवाजात रिंग कुणाला ऐकू येतीय. एक वाजता इकडे मिल बंद केली आणि सगळे वाट बघत बसले. काका सव्वाचारला पोचले, त्यांच्या हिशोबाने पंधरा मिनिटं उशिरा.

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत, पण आवाज बसला होता. म्हणाले, "अरे, माझ्या कॅलेंडरला अजून चारच दाखवतंय बघ. मी काय केलं चुकीचं ते तरी सांग. बाहेर ट्रॅक्टर कुठपर्यंत लागलेत माहितीये का तुला?"

मला माहिती होतं, माझं आजोळ तिकडचंच आहे. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटतं आणि ते नुकसान थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातं. शिवाय टायरगाड्यांवर तोडणीवाल्यांची बायकापोरं असतात, काट्यावर नंबर लागेपर्यंत ती तिथेच. तीन तास फुकट गेले म्हणजे कुणाचे गेले हे मला डोळ्यासमोर दिसत होतं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

कारण काका महिनाभर तक्रार करत होते. बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही म्हणत होते, आणि मी त्यांना पॉवर बँक घ्या म्हणून सांगितलं होतं. आणखी चार-पाच जणांची तीच तक्रार होती, त्यांनाही मी फोन जुना झालाय, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा वगैरे सांगून वाटेला लावलं होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की काय करायचं, सगळ्यांना नवीन फोन घ्यायचे का. मी म्हणालो मला एक दिवस द्या, मी काकांबरोबर साइटवर जातो.

जायच्या आधी काकांचा फोन हातात घेऊन बघितला तेव्हा त्या दिवशी काय झालं ते लगेच कळलं. फोन बंद पडलाच नव्हता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली, बॅटरी सेव्हर आपोआप चालू झाला आणि त्याने मागचं सिंक, म्हणजे सर्व्हरवरून नवीन माहिती आपोआप आणणं, थांबवलं. फोन लागत होता, व्हॉट्सअॅप उघडलं तर दिसत होतं, कॅलेंडरही उघडत होतं पण त्यात जुनी वेळ. बंद पडलेल्या फोनवर माणूस विश्वास तरी ठेवत नाही हो, हा चालू असलेला फोन छातीठोकपणे चार वाजता सांगत होता.

म्हणजे प्रश्न एकच उरला, साडेदहाला पंधरा टक्के का.

माझा पहिला संशय कॅलेंडरवरच होता. कॅलेंडरमधली एखादी रिपीट होणारी मीटिंग अडकली की फोन आणि सर्व्हर एकमेकांशी तेच तेच बोलत बसतात, हे पूर्वी झालेलं आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आयओएस ६.१ मध्ये नेमकं असंच झालं होतं, आयफोनमुळे एक्सचेंज सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा मेल-कॅलेंडरचा सर्व्हर) लॉगचे, म्हणजे नोंदींच्या फाइलींचे, डोंगर साचायला लागले आणि अॅपलला ६.१.२ काढून ते दुरुस्त करावं लागलं. पण काकांच्या कॅलेंडरमध्ये तसं काही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, फोनमध्ये ऑफिसचं अकाउंट दोनदा टाकलेलं होतं, एकदा फोनच्या मेल अॅपमध्ये पुश लावून (नवीन काही आलं की सर्व्हर स्वतः कळवतो ते) आणि एकदा दुसऱ्याच एका अॅपमध्ये दर पाच मिनिटांनी चेक करायला सांगून, कुणीतरी मुलाने "काका मेल येत नाही ना, थांबा" म्हणून टाकून दिलं होतं. ते काढलं. पण मनाला पटत नव्हतं की एवढ्यानेच हे होत असेल, कारण बाकीच्यांच्या फोनमध्ये दुसरं अॅप नव्हतं.

आणि एक गोष्ट सगळेच सांगत होते जी मी महिनाभर ऐकून सोडून दिली होती. "ऑफिसात असलो की बॅटरी दिवसभर टिकते." मी मनात म्हणायचो की ऑफिसात एसीत बसलात, फोन टेबलावर आहे, टिकणारच.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. काकांच्याच मॉडेलचा एक स्पेअर फोन ऑफिसात होता, त्यात त्याच कंपनीचं सिम टाकलं पण ऑफिसचं मेल टाकलं नाही. नऊ वाजता दोन्ही शंभर टक्के. दोन्ही काकांच्या बॅगेत एकमेकांना चिकटून, कुणी हात लावायचा नाही. मी ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या बाजूला एका शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसलो. पत्र्याची शेड, चारी बाजूंनी लोखंड, सिग्नलची एक दांडी यायची आणि जायची. एक वाजता बॅग उघडली. मेल नसलेला फोन ८४ टक्के. काकांचा ४७. हात लावला तर गरम.

काका म्हणाले, "मेल किती आल्या रे एवढ्यात?" बघितलं तर नऊ. नऊ मेलसाठी अर्धी बॅटरी.

इथे जरा कामाचं सांगतो कारण हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पुश चालू असलं की फोन सारखं सर्व्हरला विचारत नाही. तो एकदाच विचारतो की काही नवीन आहे का, आणि सर्व्हर उत्तर न देता ती लाइन उघडी ठेवतो. मेल आली, कॅलेंडर बदललं की त्याच लाइनवर कळवतो. काहीच आलं नाही तर ठरलेल्या वेळाने फोन पुन्हा एकदा विचारतो, याला हार्टबीट म्हणतात. लाइन शांत असताना फोनचा रेडिओ झोपलेला असतो, बॅटरी जवळजवळ जात नाही. खर्च होतो तो उठायला. चार अक्षरं पाठवायची असली तरी रेडिओ पूर्ण ताकदीने उठतो आणि काम संपलं तरी लगेच झोपत नाही, आणखी काही सेकंद जागाच राहतो की अजून काही आहे का म्हणून. सिग्नल कमी असेल तर टॉवरपर्यंत पोचायला त्याला ओरडून बोलावं लागतं. म्हणून मेल किती आल्या याला फारसा अर्थ नसतो, फोन किती वेळा उठला ते मोजायचं.

आणि तेच मी मोजलं नव्हतं. शेडमधूनच हॉटस्पॉटवर व्हीपीएन लावून सर्व्हरचे लॉग उघडले. लॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, साडेपाच तास मिळवावे लागतात, म्हणून एका कागदावर नऊ ते एक म्हणजे ३:३० ते ७:३० असं लिहून ठेवलं आणि काकांचा डिव्हाइस आयडी शोधला. पिंग, पिंग, पिंग, नुसती रांग. पिंग म्हणजे फोनचा तोच प्रश्न, काही नवीन आहे का. शेवटच्या कॉलममध्ये किती वेळ लागला ते मिलिसेकंदात असतं, तिथे प्रत्येक ओळीला १,२०,००० च्या आसपास आकडा, कुठे जरा अलीकडे कुठे नेमका तेवढाच, आणि बऱ्याच ओळींना विंडोजचा एरर ६४, म्हणजे समोरची लाइन मधेच तुटली. दर दोन मिनिटांनी. तासाला तीस वेळा त्या बॅगेतला फोन उठत होता, नव्याने सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शन बांधत होता आणि दोन मिनिटांत कुणीतरी ते तोडत होतं.

मग मी ऑफिसच्या वायफायवर असलेल्या एका मुलीचा फोन शोधला. तिची लाइन पंधरा-पंधरा मिनिटं शांत. त्या क्षणी डोक्यात लख्ख पडलं. ऑफिसच्या वायफायवरून फोन सर्व्हरला आतूनच गाठतो, बाहेरून येणारा फोन फायरवॉलमधून येतो, म्हणजे बाहेरचं प्रत्येक कनेक्शन तपासून आत सोडणाऱ्या यंत्रातून. आणि फायरवॉल दिवाळीच्या सुट्टीत बदलला होता. तक्रारी कधीपासून? दिवाळीनंतर. सगळे म्हणत होते हंगाम सुरू झाला, धावपळ वाढली, फोन जास्त वापरला जातोय, आणि मीही तेच धरून चाललो होतो.

मी नेटवर्कवाल्या मित्राला फोन लावला. म्हटलं मेल सर्व्हरच्या रूलला आयडल टाइमआउट किती आहे बघ, म्हणजे गप्प लाइन किती वेळाने तोडतो ते. तो म्हणाला एकशेवीस सेकंद, सगळ्यालाच तेवढं आहे. जुन्यावर किती होतं? त्याने जुनी फाइल काढली. अठराशे. म्हणजे तीस मिनिटं. ते जुन्या एका माणसाने मुद्दाम ठेवलं होतं, तो कधीच नोकरी सोडून गेला, आणि का ठेवलंय हे कुणी कुठे लिहिलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टचीही शिफारस फायरवॉलवर तीस मिनिटांची आहे. वेबसाइटला दोन मिनिटं भरपूर होतात, पण गप्प बसलेली लाइन हेच ज्याचं काम आहे त्याला दोन मिनिटांत मेलेला समजून तोडायचं म्हणजे फोनने करायचं काय. तो बिचारा पुन्हा उठणार आणि पुन्हा जोडणार.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या तक्रारी लिहितो ती यादी, उघडला, तिथे १०४० नंबरची वॉर्निंग पडलेली होती. शेवटच्या २०० हार्टबीटची सरासरी ५४० सेकंदांच्या खाली गेली आहे, तुमचा फायरवॉल नीट लावलाय का बघा, असं स्वच्छ लिहिलेलं. एकदा नाही, दिवाळीनंतर कितीतरी वेळा. सर्व्हर महिनाभर सांगत होता. पिवळी वॉर्निंग म्हणून मी ती लाल एररच्या मागे टाकली होती. काकांना मी हे तिथेच सांगितलं, की तुम्ही काही चुकीचं केलं नाही, चूक आमच्याकडे होती आणि मला आधी दिसायला हवी होती. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला दोघांना.

मित्राने सव्वातीनला फक्त मेल सर्व्हरच्या रूलपुरतं अठराशे केलं. मी लॉग लावूनच बसलो होतो. फोन एकदम उडी मारत नाही, आधी थोडं थांबून बघतो, जमलं की पुढच्या वेळी जरा जास्त. तीन मिनिटं, मग पाच, मग आठ. साडेपाचपर्यंत काकांचा फोन बारा मिनिटांवर गेला होता.

बाकीचं आम्ही पुढच्या दोन दिवसांत केलं. मशीनच्या ऑटोमॅटिक अलार्मच्या मेल सगळ्या ग्रुपला जायच्या, दिवसाला शंभर-दीडशे, त्या सर्व्हरवरच रूल लावून वेगळ्या फोल्डरला वळवल्या आणि फोनवर त्या फोल्डरचं पुश बंद ठेवलं. आमच्या सेटअपच्या कागदात मीच लिहिलं होतं की मेल अॅपला बॅटरीचं बंधन काढून टाका म्हणजे मेल लगेच येईल, त्यामुळे अँड्रॉइड ६ पासून पडून राहिलेल्या फोनला झोपवायची जी सोय आहे तीसुद्धा आमच्या माणसांना मिळत नव्हती. पण ते मी तसंच ठेवलं. कॅलेंडर वेळेवर यायलाच हवं ना, आणि लाइन शांत राहिली तर त्याचा फारसा भार पडत नाही. तीन जणांनी बॅटरी वाचवायला कॅलेंडरचं सिंकच बंद केलेलं सापडलं, ते मी स्वतः फोन करून चालू करून घेतलं. कॅलेंडर आणि मेल एकाच लाइनवर येतात, ते बंद करून वाचत काहीच नाही आणि जातं मात्र नेमकं जे लागतं ते. एक आयफोनवाला होता, त्याला पुशला फक्त इनबॉक्स ठेवायला सांगितलं, त्याने आठ फोल्डर टिक केले होते. आणि अॅप सारखी वर सरकवून बंद करायची सवय सोडा म्हटलं सगळ्यांना, प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सुरू होतं.

फायरवॉलच्या त्या रूलच्या कॉमेंटमध्ये आता मराठीत लिहून ठेवलंय, "हे १८०० कमी करू नका, फिरतीवरच्या माणसांचे फोन मरतात. आधी मला फोन करा."

जानेवारीत एका बुधवारी काका पुन्हा त्याच भागात होते. पावणेअकराला ताईंनी एका शटडाउनची वेळ तीनवरून साडेबारावर आणली. मी मुद्दाम लॉग उघडला. पिंगची लाइन अकरा मिनिटं शांत होती, अपडेट गेलं त्याच सेकंदाला सर्व्हरने उत्तर दिलं आणि लगेच सिंकची ओळ पडली. दोन मिनिटांनी माझा फोन वाजला, मागे जीपचा आवाज येत होता.

"साडेबारा झालंय ना रे? निघालोय मी. आणि ऐक, एकोणऐंशी टक्के आहे."