वेळेतून सेकंद वजा करणं बंद केलं: हार्नेस वही, भाग ३

मंडळी, हार्नेस म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी ओढत पळणाऱ्या घोड्यांच्या शर्यती. वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या वेळांची तुलना करायची जी कोष्टकाची गंमत मागच्या नोंदीत लिहिली होती ती आता खोडायची आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: एका मैलाच्या ट्रॅकवरच्या वेळा मूळ धरायच्या. पाच-अष्टमांश मैलवाल्या ट्रॅकवरच्या वेळेतून एक सेकंद कमी करायचा, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरच्या वेळेतून अडीच. कॅनडातल्या मोहॉकसारख्या सात-अष्टमांशला अर्धा सेकंद. मग सगळे घोडे एका रांगेत लावायचे, सर्वांत वर जो येईल त्यावर दोन डॉलर. हिवाळाभर हेच केलं.

पहिली चूक तर लाजच आणणारी. प्रोग्रॅममध्ये, म्हणजे शर्यतीच्या छापील पत्रकात, १:५२.३ छापतात ते बावन्न पूर्णांक तीन पंचमांश, दशांश नव्हे. मी एक्सेलमध्ये १:५४.१ मधून १:५२.४ वजा करून १.७ मिळवत होतो. खरा फरक १ सेकंद आणि दोन पंचमांश, म्हणजे १.४. तीन दशांश म्हणजे घोड्याची दीड लांबी, कारण एका घोड्याची लांबी म्हणजे एक पंचमांश सेकंद असा इथला हिशेब. सगळी पत्रकं परत भरली. बायको म्हणाली, शाळेत अपूर्णांक नीट केले असते तर.

आता मुद्दा. एका मैलाच्या शर्यतीत न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सला (मैलाचा ट्रॅक) दोन वळणं, पाच-अष्टमांशला तीन, फ्रीहोल्डसारख्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकला चार. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मी कागद घेऊन बसलो तेव्हा दिसलं की वळणाचा खर्च दोन वेगळ्या खात्यांवर पडतो आणि माझं कोष्टक दोन्ही एकत्र कापत होतं.

पहिलं खातं घट्टपणाचं. ट्रॅकचा आकार तोच ठेवून लांबी निम्मी केली की वळणाची त्रिज्याही निम्मी होते, आणि त्याच वेगाला बाहेर फेकणारा जोर दुप्पट. हा खर्च सगळ्यांना, आतल्या कडेला चिकटून पळणाऱ्यालाही.

दुसरं खातं फक्त बाहेरून पळणाऱ्याचं. अर्धवर्तुळात घोडा कडेपासून दीड मीटर बाहेर राहिला तर जास्तीचं अंतर π (पाय) गुणिले दीड, म्हणजे ४.७ मीटर. इथे मी दोनदा गणित तपासलं, कारण त्यात त्रिज्या येतच नाही! वळण लहान असो की मोठं, बाहेर राहण्याचा दंड तेवढाच. फरक वळणांच्या संख्येचा. चार वळणं बाहेर म्हणजे जवळजवळ १९ मीटर, १:५२ च्या वेगाला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. मेडोलँड्सला पूर्ण मैल बाहेर राहिला तरी त्याच्या निम्मं.

म्हणजे अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर १:५५ ला आतून, पुढच्याच्या मागे आरामात बसून आलेला आणि १:५५ ला दोन वळणं बाहेर अडकून आलेला, या दोघांना मी सारखेच अडीच सेकंद देत होतो. पहिल्याला जास्त, दुसऱ्याला कमी. प्रोग्रॅममध्ये स्थानाच्या आकड्याला चिकटून बारीकसा गोल असतो, तो बाहेर असल्याची खूण. ते गोल मोजायला लागल्यापासून वही वेगळी दिसते. एक म्हातारा पेसर (एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत पळणारा घोडा), नाव सांगत नाही, माझ्या जुन्या यादीत शेवटून दुसरा होता. सलग तीन ओळींत त्याला गोलच गोल. पोस्ट ७ आणि ८ वरून, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत बाहेरच्या बाजूने सुटला होता, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ती जागा म्हणजे शिक्षाच.

विक्रमांशी ताडून पाहायचा मोह मलाही झाला. बुलडॉग हॅनोव्हर हा घोडा २०२२ च्या जुलैत मेडोलँड्सला १:४५.४, आणि बेटिंग लाइन २०१६ च्या लिटल ब्राउन जग या शर्यतीत, डेलावेअर, ओहायोच्या अर्ध्या मैलावर १:४९. फरक ३ सेकंद आणि एक पंचमांश. छान जुळतंय असं वाटलं, पण एक चार वर्षांचा आणि एक तीन वर्षांचा, वेगळे घोडे, वेगळी हवा. ट्रॅकचा फरक दाखवायला ही जोडी कामाची नाही. काम देतो तो एकच घोडा, जो थोड्या आठवड्यांत दोन्ही आकारांवर पळालाय. त्यातही त्या रात्रीच्या बाकी शर्यती बघायच्या: त्याच दर्जाचे घोडे एरवीपेक्षा हळू आले असतील तर घोडा मंद नव्हता, ट्रॅक जड होता किंवा वारा समोरचा होता.

खेड तालुक्यातलं माझं आजोळ. बैलगाड्याच्या घाटात बारी (एका गाड्याची फेरी) सुटली की सेकंद पुकारायचे, आणि मामा लगेच म्हणायचा, या घाटाचं त्या घाटाला लावू नको रे, चढ वेगळा आहे. तेव्हा मला ती पळवाट वाटायची, आपल्या गावची जोडी मागे पडली की सांगायची.

सध्याची वहीची मांडणी: ट्रॅक, घट्टपणाची वजावट (अजून अंदाजानेच, अर्ध्या मैलाला पावणेदोन सेकंद धरतोय), वळणांवरचे गोल, त्या रात्रीची दुरुस्ती. शेवटचा रकाना तापमानाचा ठेवलाय, रिकामाच आहे.

अडचण एकच. घरापासून अर्ध्या तासावरचं फ्रीहोल्ड, १८५३ पासूनचं, २०२४ च्या डिसेंबरात कायमचं बंद झालं. आता अर्ध्या मैलासाठी न्यूयॉर्कचं यॉंकर्स. पूल, टोल, आणि गर्दी. मेडोलँड्स आणि यॉंकर्स दोन्हीकडे पळालेले नऊ घोडे सापडलेत, त्यातले चार दोन्ही वेळा आतूनच आले होते. त्या चारांवरून पावणेदोनचा आकडा तपासायला घेतलाय.