घोडामारा बेटावर कॅमेरा घेऊन

घोडामारा म्हणजे पश्चिम बंगालमध्ये हुगळी नदीच्या मुखाजवळचं एक छोटं बेट. तिथे जायचं तर कोलकात्याच्या सियालदा स्टेशनहून नामखाना लोकल पकडायची, काकद्वीपला उतरून टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, लॉट आठ नावाचा घाट गाठायचा आणि तिथून भुटभुटी, म्हणजे इंजिनाची होडी. गर्दी सगळी गंगासागरच्या लाँचला, आमच्या होडीत तांदळाची पोती, कोंबड्या, एक सायकल आणि मी.

या बेटाचे फोटो तुम्ही नेटवर पाहिले असणार, नाव माहीत नसलं तरी. मुळं उघडी पडलेला माड, अर्धं नदीत गेलेलं घर, पुढ्यात एखादी म्हातारी. 1970 च्या आसपास होतं त्याच्या साधारण निम्मंच बेट आता उरलंय, शेजारचं लोहाचरा तर पाण्याखालीच गेलं, त्यामुळे ते फोटो काही खोटे नाहीत. पण ते काढायला अर्धा तास पुरतो हो. भरतीत पाणी काठ खालून पोखरतं आणि ओहोटीला आधार गेला की मातीचा मोठ्ठा तुकडा धप्पकन खाली, गावातलं कुणी मान पण वळवत नाही.

खरी मजा आत गेल्यावर. पानमळा, त्याला इथे बरोज म्हणतात. आपल्या मिरजेकडे वेल शेवरी-पांगाऱ्यावर चढवतात, इथे बांबू आणि तागाच्या काड्यांची छपरासकट बंद खोलीच बांधतात, आत हिरवट अंधार, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, 3200 ला नेला तरी शटर स्लोच. एक काकीमा ओसरीवर पानं निवडत बसल्या होत्या, मोठी वेगळी, डागाळलेली वेगळी, हात एवढे भराभर की प्रत्येक फ्रेममध्ये ब्लर आणि मला नेमके तेच फोटो आवडले. 26 मे 2021 ला यास वादळ आलं, त्यात पौर्णिमेची भरती, बांध फुटले आणि बेटभर खारं पाणी. पानवेलीला ते सोसत नाही, मळे गेले. या काकीमांनी परत लावले. म्हटलं, बेटच जातंय तरी? तर म्हणाल्या, "मग दादा, तोवर खायचं काय?"

काठावर बायका कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत मीन धरतात, म्हणजे टायगर कोळंबीची केसाएवढी पिल्लं, मग पांढऱ्या ताटलीत ओतून एकेक वेचायची. कॅमेऱ्याकडे बघायला वेळ नाही कुणाला, बरंच आहे.

पण कुणालाही जुनं घर कुठे होतं विचारलं की हात नदीकडे जातो. तिथे आमचं तळं, तिथे शाळा. आता हे फोटोत कसं आणायचं? म्हणून मी बोट दाखवणाऱ्या माणसांचेच पोर्ट्रेट काढत सुटलो, मागे नुसतं सपाट पाणी, फार तर हल्दियाकडे निघालेलं एखादं जहाज. कॅप्शन दिली नाही तर कुणाला काही कळणार नाही, नाही तर नाही. एका काकांनी स्क्रीनवर स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाले चुकलाय, हात अजून डावीकडे पाहिजे, शाळा तिकडे होती. परत काढला.