पत्रपेटीवर आधी नाव

पहिला दिवस

जर्मनीत शिकायला आल्यावर पहिलं काम कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण सिमकार्ड म्हणतात. माझं मत वेगळं आहे. इमारतीच्या दाराशी ज्या पत्रपेट्या असतात, त्यांतल्या आपल्या पेटीवर आडनाव लावणं हे पहिलं काम. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. एका दारात वीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचूनच पत्र टाकतो. ते नसलं की पत्र 'या नावाचं कोणी सापडत नाही' असा शेरा घेऊन परत जातं.

आणि या देशात महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात वेगळ्या दिवशी. विम्याचं कार्ड. अकरा अंकी कर-क्रमांक. पेटीवर नाव नाही म्हणून पिन परत गेला, तर पिन नाही म्हणून भाडं अडतं. पासपोर्टवर जे आडनाव असेल तेच, त्याच स्पेलिंगने लावायचं. पोटभाडेकरू म्हणून राहत असाल आणि पेटीला हात लावायची मुभा नसेल, तर पत्त्यात आपल्या नावाखाली 'सी/ओ' लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव द्या.

आणखी एक, ते आजच लक्षात ठेवायचं. फ्लॅटच्या दाराला बाहेरून बहुधा नुसती घट्ट बसवलेली मूठ असते, ती फिरत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं खाली गेलात आणि दार मागे ओढलं गेलं, तर चावी आत आणि तुम्ही बाहेर. रात्री किंवा रविवारी कुलूपवाला बोलावणं भलतंच महाग पडतं.

पहिला आठवडा

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करायची असते. ब्युर्गरआम्टला, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कचेरीत, जाताना पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. तोंडात मावत नाही, पण तोच हवा. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि इथेच अर्धे लोक परत फिरतात. किल्ली हातात घेतानाच मालकाकडून सही करून घ्या. 'नोंदणी करता येणार नाही' असं सांगून खोली देणारा भेटला, तर स्वस्त असली तरी ती सोडून द्या. कर-क्रमांकही या नोंदीमागोमागच येतो आणि पुढची बरीचशी कामं याच नोंदीवर अवलंबून असतात.

मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत या कचेरीत भेटीची वेळ मिळेलच असं नाही. रद्द झालेल्या वेळा दिवसभर तिच्या पोर्टलवर पुन्हा दिसत राहतात, म्हणून अधूनमधून बघत राहायचं. मिळालेल्या वेळेची पोच छापून जवळ ठेवायची, म्हणजे प्रयत्न वेळेत केला होता हे दाखवता येतं.

पैशांचं गणित पहिल्याच महिन्यात फसतं, त्याचं कारण साधं आहे. श्पेअरकोंटोमध्ये, म्हणजे व्हिसासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण हातात येतात महिन्याला ९९२, तेही इथलं चालू खातं उघडून जोडल्यावर. घराची अनामत मात्र पहिल्याच महिन्यात मागतात. कायद्याने ती निव्वळ भाड्याच्या, म्हणजे काल्टमीटच्या, तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. हे मालक आपण होऊन सांगत नाहीत. तरी सुरुवातीच्या दोन महिन्यांची तजवीज वेगळी ठेवावी. आणि घर न दाखवता 'पैसे पाठवा, चावी पोस्टाने येईल' म्हणणारा भामटाच असतो, यात अपवाद शोधू नका.

आरोग्य विम्याबद्दल एकच गोष्ट. तिशीच्या आत असाल तर सरकारी योजनेतल्या विमा कंपनीचा विद्यार्थी दर मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली, तर ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. सही करण्याआधी दोनदा विचार करा.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

आज पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे गेली. कालपर्यंत भारताशी साडेतीन तासांचा फरक होता, आता साडेचार. इथे संध्याकाळी आठला निवांत बसून फोन लावावा, तर घरी रात्रीचे साडेबारा झालेले असतात. हिवाळ्यात फोनची वेळ दुपारी एकची धरा. तिकडे साडेपाचचा चहा चाललेला असतो. वेळ ठरलेली असली की एकटेपण थोडं कमी बोचतं, आणि आईही मोबाइल उशाशी घेऊन जागत बसत नाही.

रविवारी दुकानं बंद. दूध, भाजी, सगळं शनिवारीच आणून ठेवायचं. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, त्यामुळे २ तारखेला रात्री उतरणाऱ्याने खाण्याचं काहीतरी सोबतच ठेवावं.

नोव्हेंबर

आता हीटर. त्याच्या चाकावर १ ते ५ आकडे असतात आणि आपण ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखे समजतो. तसं ते नाही. आकडा वेग सांगत नाही, तापमान सांगतो. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढे दर आकड्याला सुमारे चार अंश. गारठून आल्यावर ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. ती २८ अंशांच्या दिशेने तापतच राहते आणि वर्षाच्या हिशेबात बिल येतं. ३ वर ठेवून विसरून जा.

खिडकी हा याच्याच जोडीचा विषय. वरून जरा तिरकी करून दिवसभर उघडी ठेवणं सोयीचं वाटतं, पण त्याने खिडकीभोवतीची भिंत थंड पडते, कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलावा तिथेच धरतो आणि काळी बुरशी चढते. पुढे अनामतीतून पैसे कापायला मालकाला हेच कारण पुरतं. योग्य पद्धत म्हणजे श्टोसल्युफ्टन: हीटर बंद, खिडकी सताड उघडी, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. हवा बदलते, भिंती गरमच राहतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, हातभर नाही तरी चार बोटं जागा सोडा.

अभ्यासाचं थोडक्यात. वेळेपुढे 'सी.टी.' असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर घड्याळाच्या ठोक्याला. गुणांत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. विषयाला बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. तिची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते आणि मुदत विद्यापीठागणिक बदलते. नापास झाल्यावर बहुतेक ठिकाणी एकूण तीन संधी असतात. आवश्यक विषयात तिसरीही गेली तर नाव कमी होतं, आणि त्याबरोबर राहण्याच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेण्यात कमीपणा नाही.

डिसेंबर

चारच्या सुमाराला अंधार. पत्रं साचवायची सवय याच महिन्यात लागते, कारण जर्मन वाचायचा कंटाळा येतो. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र हमखास येतं: घरामागे महिना १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी पत्राच्या उत्तरात त्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा. दुर्लक्ष केलं तर थकबाकी चढत जाते.

पिवळं पाकीट, म्हणजे कोर्टाचं किंवा सरकारी कचेरीचं औपचारिक पत्र, आलं तर मात्र चप्पल काढायच्या आधी उघडा. त्यावर पोस्टमनने हाताने तारीख लिहिलेली असते. पेटीत पडलं त्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असंच कायदा धरतो, मग तुम्ही गावाला गेलेले असा. उत्तर द्यायची मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते, म्हणून आतल्या कागदाला ते पाकीट टाचून ठेवायचं.