भिंतीवरचे बटण, मोबाइलवरचे बटण आणि मधला रिले

मोबाइलवरून दिवा लावण्याचे अप्रूप फार काळ टिकत नाही. ते ओसरले की घरातली माणसे पुन्हा भिंतीवरच्या बटणाकडे वळतात आणि स्मार्ट दिव्यांची खरी परीक्षा तिथे सुरू होते. बटणांवर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नये’ असे लिहिलेली घरे मी पाहिली आहेत. ज्या सोयीसाठी घरच्यांना बटणाला हात लावायची बंदी करावी लागते, तिला सोय म्हणणे मला जमत नाही. म्हणून नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर २३० व्होल्टची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळा, बसवायचे ठरले, तेव्हा अट एकच होती : इंटरनेट असो वा नसो, आईने बटण दाबले की दिवा लागलाच पाहिजे.

या अटीतून रचनेचा मुख्य नियम आपोआप निघतो. दिवा चालू आहे की बंद, याची नोंद रिलेशेजारच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे रिलेला हुकूम देणाऱ्या छोट्या संगणक-चिपमध्ये (आमच्याकडे ईएसपी-३२), एकाच ठिकाणी असावी. बटणाची स्थिती ही ती नोंद नव्हे आणि ॲपवरचे रंगीत चित्र ही तर मुळीच नव्हे. आपल्याकडे बटण खाली म्हणजे चालू, अशी सवय हाताला असते. पण बटण खाली असताना कोणी ॲपवरून दिवा बंद केला, तर त्या ‘खाली’ला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी प्रोग्रॅम बटणाची जागा वाचत बसला, तर ॲपने बंद केलेला दिवा तो पुढच्याच क्षणी पुन्हा लावतो. त्याने फक्त बदल टिपावा : बटण वरून खाली गेले किंवा खालून वर आले, की दिव्याची अवस्था उलटी करावी. इमारतीच्या जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही मजल्यांवरून लागतो, तेव्हा बटण कुठल्या बाजूला आहे हे कोणी पाहत नाही. घरातही आठवडाभरात तीच सवय होते.

ॲपच्या बाबतीत मात्र नियम नेमका उलटा ठेवावा. ॲपने ‘उलट कर’ असे न सांगता ‘चालू कर’ किंवा ‘बंद कर’ असेच स्पष्ट सांगावे, कारण नेटवर्कवरचा संदेश कधीकधी दोनदा पोहोचतो. एमक्यूटीटी या उपकरणांमधल्या संदेशवहनाच्या पद्धतीत ‘किमान एकदा पोहोचव’ ही पातळी निवडली, तर तशी मुभाच असते. ‘चालू कर’ दोनदा आले तरी बिघडत काही नाही. ‘उलट कर’ दोनदा आले तर दिवा लागून लगेच विझतो. शिवाय रिले फिरल्यावर, मग तो कोणाच्याही सांगण्यावरून फिरलेला असो, मायक्रोकंट्रोलरने नवी अवस्था ॲपला कळवावी आणि ती आल्यावरच ॲपने चित्र बदलावे.

बटणाच्या बाजूला प्रोग्रॅमपेक्षा तारांचा त्रास अधिक असतो. बटण दाबताना आतील धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि मायक्रोकंट्रोलरला एका दाबात चार-पाच बदल दिसतात. ३० ते ५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचले की हे मिटते. बटणाच्या तारा २३० व्होल्टच्या तारांना लागून लांबवर गेल्या, तर त्यांत शिरणाऱ्या गोंगाटाने रिले मध्यरात्री आपोआप टक् करून वाजू शकतो. ईएसपी-३२ चा आतला पुल-अप, म्हणजे बटण उघडे असताना तार ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रोध, त्यासाठी दुबळा ठरतो, म्हणून बाहेरून ४.७ किंवा १० किलोओहमचा रोध जोडावा. ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिनांना तर आतला पुल-अप नसतोच, तिथे बाहेरचा रोध लावण्याला पर्याय नाही.

याहून सूक्ष्म अडचण बटणाच्याच घडणीत आहे. घरातले बटण २३० व्होल्ट आणि काही अँपिअरसाठी बनवलेले असते. त्यातून ३.३ व्होल्टवर एका मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह नेला, तर संपर्कांवर चढलेला ऑक्साइडचा पातळ थर फुटत नाही आणि बटण अधूनमधून दगा देते. नेरूळसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत हा विचार आधीच केलेला बरा. त्यावर चांगला उपाय म्हणजे बटणातून पूर्वीप्रमाणे २३० व्होल्टच जाऊ द्यायचे आणि ऑप्टोकपलरच्या, म्हणजे प्रकाशाने इशारा पोहोचवून दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणाऱ्या भागाच्या, आडून मायक्रोकंट्रोलरला फक्त सूचना पोहोचवायची. ते जमत नसेल आणि ३.३ व्होल्टचीच जोडणी करायची असेल, तर स्विचबोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तसे ठळक लिहून ठेवावे. उद्या येणारा वायरमन नेहमीच्या सवयीने तिथे फेज जोडेल आणि त्यात त्याचा काहीच दोष नसेल.

मायक्रोकंट्रोलरच बंद पडला तर काय, हा प्रश्न उरतो. रिलेला सामाईक टोकाखेरीज दोन टोके असतात, एक एरवी जोडलेले आणि एक एरवी तुटलेले. ती दोन्ही टू-वे बटणाच्या दोन टोकांना जोडली की जिन्याचीच वायरिंग तयार होते. मग मायक्रोकंट्रोलर मेला तरी बटणाने दिवा लागतो. मात्र रिलेची अवस्था आणि दिव्याची अवस्था एक राहत नाही, त्यामुळे दिव्याच्या बाजूला वीज आहे की नाही हे ओळखणारी वेगळी जोडणी नसेल, तर ॲप खोटे बोलू लागते. बाथरूमच्या दिव्यासाठी मी हाच मार्ग घेतला आणि ॲपचा खोटेपणा पत्करला. तो दिवा ऑफिसातून लावण्याची गरज अजून कोणाला पडलेली नाही.

पावसाळ्यात लाईट जाते आणि येते, तेव्हा रचनेतले उरलेसुरले दोष उघडे पडतात. अनेक तयार प्रोग्रॅम सुरुवातीलाच वाय-फाय मिळेपर्यंत अडून बसतात. वीज आल्यावर राउटर उभा राहायला मिनिट-दोन मिनिटे घेतो आणि तेवढा वेळ भिंतीवरचे बटण निर्जीव असते, म्हणजे अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला ते नेमके हवे असते तेव्हाच. बटण वाचण्याचे काम आधी सुरू व्हावे, वाय-फायचा शोध मागे चालू राहावा. सुरू होताना बटणांच्या जागा वाचून त्या ‘आधीची स्थिती’ म्हणून नोंदवाव्यात, नाहीतर पहिल्याच फेरीत खाली असलेले प्रत्येक बटण ‘बदल’ ठरते. वीज परतल्यावर पंखा पूर्वीच्या अवस्थेत यावा आणि दिवे बंद राहावेत, असे मी ठरवले आहे.

गिझर या व्यवस्थेत मी घेतलेला नाही. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो आणि बाजारातल्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेले असले, तरी रोज तासन्‌तास त्या काठावर काम करून घेण्यात शहाणपण नाही. त्याला योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या प्रवाहासाठीचा दणकट रिले, हवा.

आणखी एक बदल घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावा लागतो. पूर्वी बटण बंद केले की दिव्याकडे जाणारी फेज तुटत असे. आता दिवा किंवा पंखा बंद दिसत असला, तरी दुसऱ्या शहरातून कोणीही ॲपवर बोट ठेवून तो चालू करू शकतो. त्यामुळे बल्ब बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत स्टुलावर चढून पंखा पुसताना बटणावर विसंबू नये, त्या खोलीची एमसीबीच खाली करावी.