बाविसावर चार

एप्रिलमधली सोलापूरची दुपार. प्रयोगशाळेत पंखे फिरत होते, पण वारा गरमच. थर्मामीटर ४० दाखवत होता. बी.एस्सी.च्या मुलांना मी प्रत्येकी ०.२८० ग्रॅम अनोळखी मेदाम्ल, म्हणजे तेलातलं आम्ल, दिलं होतं. हायड्रोजन देऊन त्यात किती दुहेरी बंध आहेत ते काढायचं; एका दुहेरी बंधाला हायड्रोजनचा एक रेणू लागतो.

मंगळवेढ्याकडची एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, तीन आले. माझं लिनोलेनिक आहे, जवसातलं."

तिच्या बाटलीत लिनोलेइक होतं, करडईच्या तेलात भरपूर असतं ते. त्याचे दुहेरी बंध दोन. तिच्याकडे ज्वारीच्या कडेने करडईचे तास असतात, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. म्हणून तिला मी मुद्दाम हेच दिलं होतं.

आधी वाटलं, वजनात घोळ झाला असेल. पण अनुमापनात, म्हणजे आम्ल पुरतं मारायला किती अल्कली लागतो ते मोजताना, तिला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलीच लागलं होतं, म्हणजे रेणुभार २८० च्या आसपास. आता २७८ चं लिनोलेनिक असतं तरी फरक पडला असता जेमतेम दीड थेंबाचा, तो डोळ्याने धरणं अवघड. म्हणून तर निर्णय हायड्रोजनवर सोपवायचा. तिने पॅलेडियमचा उत्प्रेरक आधी हायड्रोजनने तृप्त करून घेतला होता, गळती तपासली होती. वायू मोजायच्या नळीचं, ब्युरेटचं, वाचन ५८.४ मिली. नमुना एक मिलिमोल, आणि एक मिलिमोल वायूचे २२.४ मिली, म्हणून तिने सरळ २२.४ ने भागलं. २.६१ आले, आणि तिने ते तीन धरले.

मग मलाच एकदम दिसलं. अगं, हे २२.४ शून्य अंशाचं आणि ७६० मिलिमीटर दाबाचं! आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. भिंतीवरचा बॅरोमीटर ७२० वर होता. त्यात आमचा वायू पाण्यावर धरलेला, आणि ४० अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब ५५. म्हणजे कोरड्या हायड्रोजनच्या वाट्याला ६६५ च. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवते, पण प्रयोगाच्या छापील तक्त्यात तापमानाला रकानाच ठेवला नव्हता. ती चूक माझी होती आणि तिला मी तसं सांगितलं.

दोघी बाकावर बसलो. ५८.४ ला ६६५ भागिले ७६० ने गुणलं, मग २७३ भागिले ३१३ ने. ४४.६ मिली. भागिले २२.४, उत्तर १.९९.

ती गप्प झाली, मग विचारलं, "पण सूत्रावरून असंतृप्तता, म्हणजे हायड्रोजनच्या किती जोड्या कमी आहेत ते, तीन येते ना?" फार छान प्रश्न. येते, कारण कार्बॉक्सिल गटातला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधही त्यात मोजला जातो. आमच्या परिस्थितीत हायड्रोजन त्याला हात लावत नाही. आणि दोन मोल हायड्रोजन एका तिहेरी बंधालाही लागले असते. तेव्हा हे गणित हायड्रोजन किती लागला ते सांगतं, बंध दुहेरी की तिहेरी आणि कुठे आहेत ते नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती स्वतःहून आली. तापमान २८, बॅरोमीटर तिथेच. तेवढंच वजन घेतलं. या वेळी ब्युरेटने दाखवले ५४.१ मिली. वजन करण्याआधीच तिने वहीच्या डोक्यावर तापमान, दाब आणि वाफेचा दाब लिहून ठेवला होता. गणित संपवून तिने वही माझ्यापुढे सरकवली. पुन्हा १.९९.