पंप बंद झाल्यावर पाणी कुठं जातं : आमची वाटचाल

वडील बेळगावात नळकाम करायचे. आधी शहापुरातल्या जुन्या घरांची न्हाणीघरं, मग टिळकवाडीतले बंगले, मग सोलर. मी डिप्लोमा करून उद्यमबागेत एका हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात चार वर्षं काढली आणि परत दुकानात येऊन बसलो. घरात मासे आणि प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या करायच्या असं काही डोक्यात नव्हतं. एका डॉक्टरांकडे गिझर बसवायला गेलो होतो. त्यांनी हॉलमधली रिकामी भिंत दाखवली आणि म्हणाले, "इथं समुद्र करायचा आहे. पाणी खालून वर न्यायचं, वरून खाली आणायचं. हे तुमचंच काम की ओ."

मलाही तसंच वाटलं. तिथंच चुकलं.

आमच्याकडे सम्प म्हटलं की अंगणातली जमिनीखालची टाकी. या धंद्यात सम्प म्हणजे शोच्या टाकीखाली कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी सांडव्यावरून पाइपातून खाली येतं, सम्पमध्ये स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, गाळणी यांच्यामधून फिरतं आणि पंप ते परत वर ढकलतो. डॉक्टरांची टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद. मी परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली चार इंच ठेवलं, कारण वर ठेवलं की आवाज येतो. सम्पमध्ये वर जेमतेम तीस लिटरची जागा मोकळी होती.

आषाढातली रात्र, दोनच्या सुमारास लाइट गेली. पंप थांबल्यावर परतीच्या पाइपानं उलटं काम सुरू केलं, सायफन. टाकीतलं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत उतरेस्तोवर तो थांबेना. पाच बाय दोनच्या टाकीत एक इंच म्हणजे साडेतेवीस लिटर, चार इंच म्हणजे पंचाण्णवच्या आसपास. तीस सम्पनं घेतले, बाकीचे हॉलमध्ये. लाइट आली तेव्हा सम्पमध्ये पाणी कमी, म्हणून बाष्पीभवनाची भर घालणाऱ्या सेन्सरनं गोड पाण्याचा साठ लिटरचा पिंप सगळा आत ओतला. लिटरला 35 ग्रॅम क्षार असतात, ते 32 वर आले. सकाळी वहिनी दारातच म्हणाल्या, "घराचं मिठागर केलंत की हो."

फरशी पुसताना आमचा मिस्त्री, जो गोकाकच्या बाजूचा, त्यानं कन्नडमध्ये एवढंच विचारलं : "नीर एल्ली होगतैती?" पाणी जातं कुठं? मी कारखान्यात दाब, प्रवाह, सील सगळं शिकलो होतो, पण पंप चालू असतानाचं. हा प्रश्न बंद पंपाचा होता. तेव्हापासून कुठल्याही घरी नकाशा काढायला बसलो की पहिली रेघ बंद पंपाची असते.

आता परतीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली अर्धा इंच ठेवतो आणि पातळीच्या किंचित खाली पाइपाला बारीक भोक पाडतो. पाणी भोकापर्यंत उतरलं की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ बसतं, म्हणून महिन्यातून एकदा टूथपिक घालायची, हे गिऱ्हाइकाच्या हातात लिहून देतो. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवत नाही. त्याच्या झडपेवर चुन्याचा थर चढतो, एखादा शंखही अडकतो, आणि नेमका त्याच रात्री तो मिटत नाही. पाणी चालू झाल्यावर आम्हीच पंप बंद करतो, सगळं खाली उतरू देतो आणि सम्प किती भरतो ते पाहून, पंप चालू असताना पाणी कुठवर ठेवायचं त्याची काचेवर मार्करनं रेघ मारतो. त्या रेघेच्या वर रोजचं पाणी भरायचं नाही.

डॉक्टरांचा समुद्र पुढे वाढला. शेजारच्या खोलीत प्रवाळांचे तुकडे वाढवायला तीन फुटी टाकी, जिन्याखाली शेवाळाची एक छोटी, सगळ्यांना एकच सम्प. याचा फायदा म्हणजे पाण्याचा एकूण साठा मोठा, त्यामुळे तापमान आणि क्षार हळू बदलतात. तोटा असा की एका टाकीचा आजार सगळ्या टाक्यांचा होतो. म्हणून पाइपाच्या प्रत्येक फांदीवर वेगळा व्हॉल्व्ह आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून खोलता येणारा सांधा. सोल्युशन लावून चिकटवलेला पाइप पुढे कापण्यापेक्षा युनियनचे पैसे परवडतात.

खाली येणाऱ्या पाण्यासाठी आम्ही तीन पाइपांची पद्धत वापरतो, दीड इंची. एक पूर्ण भरून सायफननं वाहतो, दुसऱ्यातून थोडंसं झिरपतं, तिसरा कोरडा आणि अडचणीसाठी राखीव. पहिल्याचा प्रवाह बारीक जमवायला गेट व्हॉल्व्ह लागतो, बॉल व्हॉल्व्हनं तेवढी बारीक जमवणूक होत नाही. बेळगावात पितळी गेट व्हॉल्व्ह कुठल्याही दुकानात मिळतो, पीव्हीसीचा मागवावा लागतो. मागवायला वेळ लागतोय म्हणून एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याकडून पितळी बसवून घेतला. पितळ म्हणजे तांबं आलंच, आणि खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं. पहिल्या महिन्यात झिंगे गेले, नंतर प्रवाळ मिटायला लागले. दुसरे एक फाउंड्रीवाले तर म्हणाले होते, "गनमेटलचा ओतून देतो की, आयुष्यभर टिकेल." गनमेटलही तांब्याचंच. टिकला असता, पण आतलं काहीच नसतं टिकलं.

याच तांब्यामुळे विलगीकरणाची टाकी आम्ही कधी सम्पला जोडत नाही. नव्या माशाच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचंच औषध देतात. ती टाकी, तिची जाळी, तिची बादलीसुद्धा वेगळी. गिऱ्हाइकांना सगळं एका पाइपात हवं असतं, दिसायला छान. यावर मी वाद घालतो.

पंपावर लिहिलेला तासाला किती लिटर हा आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट चढ आणि चार एल्बो गेल्यावर हातात बरंच कमी उरतं. निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांना हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, समजावून सांगावं लागत नाही, बोअरवर मोटर बसवताना त्यांनी ते शिकलेलं असतं. उलट शहरातले लोक दुप्पट मोठा पंप घेऊन येतात आणि मग व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतात. आम्ही नव्वद अंशाच्या एल्बोऐवजी जागा असेल तिथं पंचेचाळीसचे दोन टाकतो.

पाण्याचं म्हणाल तर राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, नळाचं थेट चालत नाही. "आमच्याकडे किचनचा आरओ आहे की," असं सगळे म्हणतात. पण चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. टाकीला लागतं शून्य टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार अजिबात नसलेलं पाणी, म्हणून आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन. शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो तयार समुद्री मीठ. किराणा दुकानातलं नाही, हेही एकदा सांगावं लागलं आहे.

हवा मात्र आमच्या बाजूची. एप्रिलच्या कोरड्या हवेत पंखा पाण्यावर सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात, फक्त पाणी झपाट्यानं उडतं आणि भर घालत राहावी लागते. पावसाळ्यात दमट हवेत पंखा निकामी, पण तेव्हा गरजही नसते. डिसेंबरात हीटर लागतोच. इन्व्हर्टरवर आम्ही फक्त टाकीतलं पाणी हलवणारा लाटेचा पंप आणि हवेचा पंप ठेवतो, चिलर-हीटर नाही, नाहीतर बॅटरी पहाटेपर्यंत पोचत नाही.

दोन कामं सोडली, त्याचा पश्चात्ताप नाही. एकाला शहापुरातल्या लाकडी माडीवर पाच फुटी टाकी हवी होती. नुसतं पाणीच साडेपाचशे किलोच्या वर, शिवाय काच आणि दगड. दुसरे मालवणहून जिवंत दगड, म्हणजे समुद्रातले जीव वाढलेले प्रवाळाचे दगड, गाडीत घालून आणणार होते. आपल्या समुद्रातली प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेली फांदीसुद्धा उचलायची नाही. आम्ही प्रवाळ विकत नाही, पण ते कुठून आणलं त्याचा कागद दाखवल्याशिवाय पाइपही जोडत नाही.

दुकानाचं पोट अजून बाथरूमवरच चालतं. वर्षाकाठी टाक्या मोजक्याच होतात. वडील अधूनमधून येऊन बसतात, सम्पवरची मार्करची रेघ बघतात आणि म्हणतात, आम्ही गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोची नळी घालायचो तसंच हे. तसंच आहे. पुढच्या सोमवारी खानापूरला चार टाक्यांचं काम सुरू होतंय. काच आली आहे, भोकं पाडायची आहेत, आणि मिस्त्रीनं आधीच फोनवर विचारून घेतलं आहे की पाणी उतरून कुठं जाणार.