तुम्ही विचारलंत म्हणून: घराला पाणी का घालता?

उन्हाळ्यात इथे टेक्ससमधल्या डॅलसला कुणी पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. संध्याकाळी मी घराच्या कडेने टाकलेल्या सोकर होजचा, म्हणजे अंगभर पाणी झिरपणाऱ्या नळीचा, नळ सोडतो आणि पॅटिओवर चहा घेत बसलेलं कुणीतरी म्हणतं, "अरे, झाडं तिकडे आहेत. भिंतीला पाणी घालून घर उगवणार आहे का?" डॅलसजवळच्या आयर्विंग किंवा फ्रिस्कोत पहिलं घर शोधणारी आपली मुलंही तेच विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात काळजी असते. इन्स्पेक्शनवाल्याने फाउंडेशनला, म्हणजे घराच्या पायाला, पाणी द्यायला सांगितलेलं असतं आणि तो चेष्टा करत होता की काय, हे त्यांना कळलेलं नसतं.

चेष्टा नव्हती. पोटापाण्यासाठी मी माती तपासतो, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

डॅलस वसलंय ते ब्लॅकलँड प्रेअरी नावाच्या पट्ट्यावर. उत्तरेला रेड नदीपासून दक्षिणेला सॅन अँटोनियोपर्यंत सुमारे 300 मैलांचा हा काळ्या मातीचा पट्टा आहे. इथले जुने शेतकरी तिला 'ब्लॅक वॅक्सी' म्हणत. पावसाळी दिवसात या शेतातून चार पावलं चाला, प्रत्येक बुटाला किलोभर माती चिकटून येते. तिच्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रकाराचं नाव 'ह्यूस्टन ब्लॅक'. टेक्ससची प्रातिनिधिक माती म्हणून तिचंच नाव घेतात. या मातीत चिकणमातीचं प्रमाण 40 ते 60 टक्के असतं.

मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला माणूस ती पाहून लगेच म्हणतो, "ही तर आपली काळी!" वागणुकीपुरतं ते खरं आहे. भेगा तशाच, ढेकळं तशीच, आणि वाफसा सापडण्याची पंचाईतही तशीच: आज नांगर लावावा तर चिखल आणि चार दिवस थांबावं तर दगड. कुळ मात्र वेगळं. आपली काळी बेसॉल्टपासून, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झाली. ही झाली समुद्राच्या गाळापासून.

साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या आखातापासून थेट आर्क्टिकपर्यंत उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता. नद्यांनी आणलेला बारीक गाळ त्याच्या तळाशी बसत गेला, अधूनमधून ज्वालामुखींची राखही पडली. त्या गाळाचा दाबून दाबून शेल, म्हणजे पापुद्र्यांचा दगड, झाला. डॅलस भागातल्या या शेलला 'ईगल फोर्ड' म्हणतात, पश्चिम डॅलसमधल्या एका जुन्या वस्तीवरून. दक्षिण टेक्ससमध्ये हाच थर हजारो फूट खोल जातो आणि तिथे त्यातून तेल काढतात. बातम्यांत जे नाव ऐकू येतं, ते हेच. ईगल फोर्डच्या वर ऑस्टिन चॉक हा पांढरा चुनखडीचा थर आणि त्याच्या वर टेलर मार्ल, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीचा थर. हे थर पूर्वेकडे किंचित कललेले आहेत, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे गाडी हाकली तर एका तासात तिन्ही ओलांडता येतात. ग्रँड प्रेअरी आणि आयर्विंग शेलवर, डॅलसचं डाउनटाउन आणि प्लेनो चॉकवर, रॉकवॉलकडे मार्ल. दोन मित्रांनी एकाच बिल्डरकडून एकाच नकाशाची घरं घेतली आणि एकाच्या भिंतींना तडे, दुसऱ्याचं घर ठणठणीत, असं दिसलं की मी आधी पत्ते विचारतो.

शेलची माती कशी होते, हे पाहायला एखाद्या नव्या बांधकामाचा खड्डा पुरतो. तळाशी निळसर करडा, पापुद्र्यांचा, बऱ्यापैकी टणक दगड. त्यावर तोच दगड पिवळट-शेवाळी रंगावर गेलेला, कारण तिथवर हवा आणि पाणी पोचलंय. त्याच्या फटींमधून उन्हात चमकणारे जिप्समचे स्फटिक दिसतात. शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक असतं. त्याला हवा लागली की त्यातून गंधकाचं आम्ल होतं, ते आम्ल चुन्याला भिडतं आणि जिप्सम तयार होतं. त्याच्या वर पापुद्रे मोडून गेलेली चिकणमाती आणि सगळ्यात वर काळा थर. त्या मधल्या पिवळट थरातला एक सुका खडा उचलून पाण्याच्या ग्लासात टाका. बुडबुडे येतात, कडा ओघळायला लागतात आणि काही मिनिटांत ग्लासाच्या तळाशी नुसता लगदा उरतो. घर घेणाऱ्यांना मी हे करून दाखवतो. रिपोर्टमधले आकडे वाचून जे पटत नाही, ते इथे पटतं.

आता मुख्य गोष्ट. या मातीतल्या खनिजाचं नाव स्मेक्टाइट. आपल्या काळीतही तेच आहे. आपल्याकडे बेसॉल्ट झिजताना ते जागेवर तयार झालं, इथे ते शेलमध्ये आधीपासूनच होतं. झिजेने फक्त मोकळं केलं. याचे कण म्हणजे एकावर एक बसलेले अतिपातळ थर, आणि पाणी थेट त्या थरांच्या मध्ये शिरतं. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटच्या सगळ्या थरांचा मिळून पृष्ठभाग 700-800 चौरस मीटर भरतो. एवढ्या जागेवर पाणी चिकटायला लागलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. वाळूला असलं काही येत नाही.

आमच्या लॅबमध्ये यासाठी एक जुनी, साधी चाचणी आहे. ओल्या मातीची गोळी काचेवर तळहाताने वळायची आणि 3 मिलिमीटर जाडीची दोरी करायची. आजी पाटावर शेवया वळायची तशी. वळता वळता ओल कमी होते आणि एका क्षणी दोरी तुटायला लागते, त्या वेळची ओल मोजायची. हलकी माती लवकर हार मानते. ब्लॅकलँडची माती वळत राहते, गोळा करून पुन्हा वळा, पुन्हा दोरी होते. ज्या मातीला असं रेंगाळायची खोड, ती पाण्यागणिक हलणार, असा आमचा आडाखा. तिथून पुढे हिशेब करून आम्ही सांगतो की ही जमीन सुकीची ओली झाली तर किती वर येईल. या भागात 4-5 इंच उत्तर आलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

त्यात डॅलसचं हवामान. वर्षाला सुमारे 37 इंच पाऊस, म्हणजे 940 मिलिमीटरच्या आसपास, मराठवाड्यापेक्षा बराच जास्त. पण मान्सूनसारखा तो एकदा येऊन संपत नाही. मे महिन्यात जोर, जुलै-ऑगस्टात कडक ऊन, ऑक्टोबरात पुन्हा जोर. म्हणजे माती वर्षात दोनदा तरी फुगते आणि आकसते. 2011 साली इथे 71 दिवस पारा 100 फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ 38 सेल्सियसला पोचला किंवा ओलांडून गेला. त्या उन्हाळ्यात घराच्या कडेची जमीन स्लॅबपासून, म्हणजे घराखालच्या काँक्रीटच्या लादीपासून, इतकी सुटली होती की फटीत अख्खा पंजा जाई.

माणसाने घरं बांधण्याआधीही ही माती हलतच होती. भेगांमध्ये वरची माती पडते, पाऊस आला की खालची फुगते, तिला जागा उरत नाही, मग ती तिरकी वर सरकते. खणल्यावर खोलवर चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग सापडतात, ते या सरकण्याचे. हजारो वर्षं हे चाललं की जमिनीवर खड्डे आणि उंचवट्यांची नक्षी उमटते. शास्त्रात तिला गिल्गाय म्हणतात, टेक्ससचे लोक 'हॉग वॉलो', म्हणजे डुकरांनी लोळून केलेले खड्डे. डुकरांचा काही संबंध नाही. नांगराने ही नक्षी पुसली जाते, म्हणून ती बघायला कधीच न नांगरलेलं रान लागतं, आणि मूळ ब्लॅकलँडमधलं तसं रान आज एक टक्काही उरलेलं नाही. डॅलसच्या ईशान्येला हंट काउंटीत क्लायमर मेडो म्हणून राखलेला तुकडा आहे. वसंतात तिथे जा. खड्ड्यांत पाणी साचलेलं, त्यात गॅमाग्रास आणि स्विचग्रास. हातभर बाजूच्या उंचवट्यावर लिटल ब्लूस्टेम आणि इंडियनग्रास. या गवतांची मुळं खोल जातात, जमीन हलली तर तीही तिच्याबरोबर हलतात. काँक्रीटच्या स्लॅबला हे जमत नाही.

आपल्या गावांमध्ये वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. भारी काळीत घर बांधायचं कुणाच्या मनात येत नसे. बांधलंच तर मुरमापर्यंत खणून पाया घ्यायचा. डॅलसने उलटं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे आली, पोलादी नांगर आले आणि सगळं गवत उलथून कापूस लावला गेला. दक्षिणेकडची एलिस काउंटी कापसासाठी देशभर गाजली. नंतर शहर वाढत गेलं तसं कपाशीच्या शेतांवर घरं आली. सुरुवातीची लाकडी घरं तरी शहाणी होती. ती बोडार्कच्या बुंध्यांवर उभी असायची. बोडार्क हे इथलं पिवळ्या गाभ्याचं, न कुजणारं लाकूड. घर कललं की खाली शिरून पाचर ठोकायची, झालं. आता जमिनीवर सपाट काँक्रीटचा स्लॅब टाकतात. तो स्वस्त आणि झटपट होतो, पण त्याच्याखाली शिरायला वाव नाही. डॅलसकरांना हे आवडणार नाही, पण या मातीवर तो स्लॅब मला आजही उसना वाटतो.

स्लॅबच्या मधल्या भागाखाली ओल टिकून राहते, कारण वर छप्पर आहे. कडा मात्र उघड्या. उन्हाळ्यात कडेची माती आकसते आणि स्लॅबचा कोपरा खाली बसतो. ओल्या ऋतूत कडा फुगून वर येतात. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, बेडरूमचं दार लागेनासं होतं, विटांमध्ये जिन्यासारखी फट पडते. म्हणून पाणी घालायचं. माती भिजवायची नाही, कडेची ओल मधल्या ओलीइतकी ठेवायची, एवढाच उद्देश. कोरडी माती फारशी हलत नाही, ओली माती फारशी हलत नाही. एकीची दुसरी होताना घर मोडतं.

सोकर होज भिंतीला चिकटवू नका. फूट-दीड फूट लांब ठेवा. फट पडली असेल तर तिच्यात पाणी सोडू नका, ते थेट खाली जाऊन भलत्याच ठिकाणी फुगवतं. चारही बाजूंना सारखं द्या, विशेषतः पश्चिमेला. फट पडायच्या आधी, जूनमध्येच सुरुवात करा. भिंतीजवळ मोठा ओक असेल तर तो तुमच्या होजपेक्षा जास्त पाणी ओढतो. पण म्हणून तो उद्या तोडूही नका: झाड गेल्यावर तिथली सुकलेली माती हळूहळू पाणी पिऊन वर येते आणि तडे उलट्या बाजूने पडतात. छपराचं पाणी पन्हळीतून घराच्या कुशीत पडत असेल, तर तेही आधी लांब न्या.

आणि तडा दिसल्या दिसल्या फाउंडेशन दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. फुकट तपासणीला येणारा माणूस बहुधा पिअर, म्हणजे पायाखाली घालायचे खांब, विकायला आलेला असतो. कोपऱ्याखाली पिअर घातले की तो कोपरा थांबतो, बाकीची माती हलतच राहते. काही वेळा दुखणं वेगळंच असतं, स्लॅबखालची गटाराची नळी फुटलेली असते आणि मधला भाग फुगलेला असतो. तिथे कडेला पिअर घालून काय होणार? आधी कुठल्याही कंपनीशी न बांधलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, त्याचे काहीशे डॉलर द्या आणि मजल्याच्या उंचीचे आकडे लिहून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. घर एकाच दिशेने चाललंय की ऋतूबरोबर खालीवर होतंय, हे त्यातून कळतं. दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा होज पुरतो.

शेजारच्या रस्त्यासारखा आपल्या पॅडमध्येही, म्हणजे स्लॅबखालच्या मातीच्या थरातही, चुना का मिसळत नाहीत, असं एकाने विचारलं होतं. काही ठिकाणी मिसळतात, आणि टेक्ससचे कितीतरी रस्ते त्यावरच टिकून आहेत. चुन्यातलं कॅल्शियम स्मेक्टाइटची फुगायची खोड बरीच मोडतं. पण ईगल फोर्डमध्ये ते जिप्सम आडवं येतं. चुना, जिप्सम आणि चिकणमातीतलं अ‍ॅल्युमिनियम एकत्र आलं की एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं आणि ते मातीपेक्षाही जोरात फुगतं. जिप्सममधलं सल्फेट मातीत किती आहे ते तपासल्याशिवाय चुना टाकलेले रस्ते उंटाच्या पाठीगत उठलेले मी पाहिले आहेत.

याच दमात बायका मोगऱ्याबद्दल आणि कढीपत्त्याबद्दल विचारतात: पानं पिवळी का पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या का राहतात? तीही हीच माती. तिच्यात चुनखडीचे खडे आहेत, सामू (पीएच) 8 च्या आसपास असतो, आणि तेवढ्या सामूला लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. काळी दिसते म्हणून ती सगळ्याच झाडांना मानवते असं नाही. रंग थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा आणि चिकणमातीचा मिळून आलेला असतो. खत वाढवून फायदा नाही. साधं फेरस सल्फेट घातलं तर काही दिवसांत या मातीत बांधलं जातं. ईडीडीएचए प्रकारचं लोहाचं चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवणारं संयुग, मिळतं, ते घ्या, महाग आहे पण या सामूला टिकतं. कढीपत्ता तर कुंडीतच लावा, विकतच्या मिश्रणात. डिसेंबरात गारठा पडायच्या आधी तसाही तो उचलून आत न्यावा लागणारच आहे.